परसबागेतील टोमॅटो आणि निरीक्षणाची वही

(शिक्षक-मेळाव्यातील व्याख्यान)



शाळेची परसबाग हा विषय प्राथमिक शिक्षकांस नवा नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षण हा विचार मांडला गेला, तेव्हापासून कुदळ आणि खुरपे यांना पाटी-पेन्सिलीच्या शेजारी मानाचे स्थान मिळाले. पुढे कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली आणि मुलाच्या कामाच्या जागी शिक्षण पोचू शकते हे दाखवून दिले. २०१९ साली केंद्र शासनाने शालेय पोषण-बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हा शाळेला बाग असावी की नसावी, हा वाद आता उरलेला नाही. बाग कोणासाठी आणि ती खरी कशी राहील, हा प्रश्न मात्र प्रत्येक शिक्षकाला दरवर्षी नव्याने सोडवावा लागतो. त्या प्रश्नाचा विचार टोमॅटोच्या एका लहानशा वाफ्याच्या आधाराने येथे करावयाचा आहे.

प्रारंभी एका द्विशिक्षकी शाळेतील प्रसंग सांगितला पाहिजे. त्या शाळेत चौथीच्या मुलांनी टोमॅटोचा वाफा केला होता. प्रत्येक रोपाला दोन मुलांचा सांभाळ आणि प्रत्येक जोडीची एक निरीक्षणाची वही, अशी व्यवस्था होती. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली, तेव्हा वाफ्याच्या खालच्या टोकाचे एक रोप माना टाकून पडलेले होते. चार दिवसांत ते वाळले. विस्तार अधिकाऱ्यांची भेट दुसऱ्या दिवसावर आली होती. सायंकाळी मुले घरी गेल्यावर गुरुजींनी शेजारच्या मळ्यातून तेवढ्याच उंचीचे एक रोप मातीसह आणले आणि वाळलेल्या रोपाच्या जागी लावून टाकले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. वाफा पुरा दिसावा आणि मुलीचे मन मोडू नये, एवढेच त्यांच्या मनात होते.

सकाळी ती मुलगी वही घेऊन वाफ्यापाशी गेली, बराच वेळ वाकून पाहत राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, हे माझं रोप न्हाई. माझ्या रोपाच्या तिसऱ्या पानाला भोक होतं.”

या प्रसंगाचा शेवट योग्य ठिकाणी येईल. तत्पूर्वी पिकाचा विचार करू.

टोमॅटोच का?

टोमॅटो हा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वताच्या प्रदेशातील. मेक्सिकोतील लोकांनी त्याची लागवड वाढविली, आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. भारतात तो पोर्तुगिजांच्या मार्गाने आला असे मानले जाते. बटाटा, मिरची, तंबाखू ही त्याची भावंडेही त्याच खंडातून आलेली. वांगे मात्र या कुळातील आपल्याकडचे. आजही विदर्भात त्याला भेदरे म्हणतात, कित्येक ठिकाणी बेलवांगे म्हणतात आणि खेडोपाडी टंबाटे तर सर्वांच्याच तोंडी आहे. वर्गातील मुलांना आजीकडून हे शब्द गोळा करून आणावयास सांगितले, तर भाषेचा एक तास त्यातूनच उभा राहतो.

शाळेच्या दृष्टीने या पिकाचा मुख्य गुण असा की, बी पेरण्यापासून पुन्हा बी हाती येईपर्यंतचे त्याचे सबंध आयुष्य एका शैक्षणिक वर्षात मुलाच्या डोळ्यांसमोर पुरे होते. त्याचे फूल मोठे व स्पष्ट असते. फळ वाढताना मोजता येते. रंगाची पालट दिवसागणिक दिसते. शिवाय ते मुलाच्या ताटात येते. पिकलेल्या टोमॅटोत क जीवनसत्त्व असते, आणि पालेभाज्या व कडधान्ये यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास त्याचे साह्य होते. म्हणून शाळेच्या जेवणात वरण किंवा उसळीबरोबर कच्च्या टोमॅटोची कोशिंबीर असावी. झाडाची पाने व खोड मात्र खाऊ नयेत, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे.

पंचांगाशी घातलेली सांगड

देशावरील शाळांना सोयीचे वेळापत्रक सणांवरून लक्षात ठेवता येते. गणेशचतुर्थीच्या सुमारास बी पेरावे. घटस्थापनेपर्यंत साधारणतः चार आठवडे होतात, आणि टोमॅटोचे रोप लावणीयोग्य होण्यास २५ ते ३० दिवसच लागतात. घटस्थापनेच्या सुमारास लावणी केली, तर दिवाळीपर्यंत रोपे मुळे धरतात व पहिली फुले दिसू लागतात. मार्गशीर्षात पहिली फळे पिकतात आणि संक्रांतीपर्यंत तोडणी चालू राहते. अधिक मास मध्ये आला असेल, त्या वर्षी सण न पाहता दिवस मोजावे. कोकणात पावसाचा जोर ओसरल्यावर, दसऱ्यानंतरच बी पेरणे इष्ट.

या वेळापत्रकास हवामानाचाही आधार आहे. रात्रीचे तापमान १५ ते २० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असले म्हणजे फळे चांगली धरतात. दिवसाचा पारा ३५ अंशांच्या पलीकडे गेला की फुले गळतात. उन्हाळ्यात फुले पुष्कळ व फळे थोडी, असा अनुभव येतो त्याचे कारण हेच होय.

बी आणि रोप

बी घेताना पुडीवरील मजकूर मुलांकडून वाचून घ्यावा. ‘सुधारित’ आणि ‘संकरित’ या दोन शब्दांतील भेद तेथेच समजावा. संकरित झाडाच्या फळातील बी पेरले, तर पुढील पिढी मूळ झाडासारखी एकसारखी निघत नाही. सुधारित वाणाचे बी घरी धरता येते. शाळेला बी धरणेही शिकवावयाचे असल्याने सुधारित वाण घ्यावा. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचा पुसा रुबी, बंगळूरच्या उद्यानविद्या संस्थेचा अर्का विकास, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री व भाग्यश्री हे असे वाण आहेत. एका ग्रॅममध्ये सुमारे ३०० बिया असतात; तेव्हा शाळेला लहानात लहान पुडी पुरे होते.

रोपांसाठी एक मीटर लांब व तेवढाच रुंद असा गादीवाफा करावा. त्याची उंची वीतभर असावी, म्हणजे भाद्रपदातील पावसाचे पाणी साचत नाही. चाळलेली माती व कुजलेले शेणखत मिसळून वाफा सपाट करावा. बोटभर अंतरावर आडव्या रेघा ओढून एक सेंटिमीटर खोलीवर बी विरळ पेरावे, वरून बारीक खत पसरावे आणि झारीने हलके पाणी द्यावे. पाच ते आठ दिवसांत अंकुर वर येतात. दाट पेरलेल्या व फार ओल्या वाफ्यात कोवळी रोपे जमिनीलगत मऊ पडून कोलमडतात; त्यास रोपांची मर म्हणतात. विरळ पेरणी, निचरा आणि सकाळचेच पाणी हा तिच्यावरील उपाय होय.

घटस्थापनेस घरोघरी घटाभोवती धान्य पेरले जाते आणि नऊ दिवसांत त्याचे पिवळसर कोंब वाढलेले मुले पाहतात. देव्हाऱ्याच्या अंधारातील ते कोंब आणि शाळेच्या उन्हातील ती हिरवी रोपे यांची तुलना करावयास सांगितली, तर प्रकाशाचे महत्त्व मुलांना पाठ करावे लागत नाही.

लावणी

रोप १२ ते १५ सेंटिमीटर उंच झाले व त्यास चार-पाच खरी पाने आली म्हणजे ते लावणीस तयार समजावे. लावणीपूर्वी चार दिवस पाणी कमी करावे, म्हणजे रोप काटक होते. लावणी नेहमी सायंकाळी करावी.

लावणीचा वाफा तीन मीटर लांब व सव्वा मीटर रुंद असला तरी चालतो. दर चौरस मीटरास दोन ते तीन किलो चांगले कुजलेले शेणखत आठवडाभर आधी मिसळावे. ओळीओळींत ६० सेंटिमीटर व रोपारोपांत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवून दोन ओळी घेतल्या, तर बारा रोपे सुखाने बसतात आणि चोवीस मुलांना काम मिळते. टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळे फुटतात, म्हणून रोप खालच्या पानांपर्यंत खोल लावावे. ज्या जागी मागील हंगामात वांगी, मिरची किंवा बटाटा होता ती जागा टाळावी, कारण या भावंडांचे रोग सामाईक असतात. मूग, वाल किंवा मका यांच्या मागे टोमॅटो चांगला येतो.

ज्या शाळेला जमीन नाही, तिनेही निराश होऊ नये. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा तळाशी छिद्रे पाडून, माती व शेणखत भरून ठेवला की एक झाड त्यात वाढते. भिंतीशी उन्हात ओळीने ठेवलेले सहा डबे हीच त्या शाळेची परसबाग होय.

रोप वीतभर वाढताच प्रत्येकाशेजारी बांबूची काठी, कारवी किंवा तुराट्यांची जुडी रोवावी व सुतळीने आठाच्या आकड्यासारखी सैल गाठ मारावी. गाठ आवळली तर खोड कापले जाते. पान व खोड यांच्या बेचक्यात फुटणारी खालची बगलफूट हाताने खुडावी. जमिनीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. त्याने ओल टिकते, आणि पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर मातीतील रोग पानांवर चढत नाहीत.

पाणी आणि सुटी

टोमॅटोला पुष्कळ पाण्यापेक्षा नियमित पाणी मानवते. आठ दिवस कोरडे ठेवून एके दिवशी भरपूर पाजले, तर पिकत आलेली फळे तडकतात. फळाच्या तळाशी काळा, बसका डाग पडतो, तोही बहुधा याच अनियमितपणाचा परिणाम असतो. ओल तुटल्यामुळे फळाला चुना, म्हणजे कॅल्शियम, वेळेवर पोचत नाही. मुले त्याला कीड समजतात व औषध मागतात. वस्तुतः सुटीत चुकलेल्या पाळ्या फळ काही आठवड्यांनी सर्वांसमक्ष सांगत असते.

म्हणून दिवाळीच्या सुटीतील पाण्याच्या पाळ्या सुटीपूर्वीच फळ्यावर लिहाव्यात. शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या पाळ्या अधिक येणार, हे उघड आहे. त्यांस पहिल्या तोडणीत मान द्यावा. आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. घागर व झारी मुलींच्या हाती आणि कुदळ मुलग्यांच्या हाती, अशी वाटणी गावाच्या सवयीने आपोआप पडते. शाळेने ती मोडावी. खणणे, पाणी घालणे, झाडणे व वही लिहिणे या चारही कामांत प्रत्येक मुलाचे नाव आळीपाळीने यावे.

कीड आणि रोग

मुलांनी हाताळलेल्या व मुलांनीच खावयाच्या भाजीवर विषारी औषध फवारू नये, हा नियम निरपवाद असावा. बारा झाडांचा वाफा चोवीस मुलांनी रोज पाहिला, तर अळी हाताने वेचता येते. वाफ्याच्या कडेने झेंडू लावावा. फळ पोखरणाऱ्या अळीचे पतंग झेंडूवरही अंडी घालतात व टोमॅटोवरील भार हलका होतो. पांढरी माशी व मावा दिसताच निंबोळी अर्क वापरावा. ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी फडक्याने गाळून, सायंकाळी पानांच्या दोन्ही बाजूंस फवारावी. पाने आकसून झाड खुजे राहू लागले, तर तो पांढऱ्या माशीने पसरविलेला विषाणुरोग असू शकतो. असे झाड उपटून नष्ट करणे हाच त्यावर उपाय. दक्षिण अमेरिकेतूनच जगभर पसरलेली टुटा नावाची अळी महाराष्ट्रात २०१४ साली आढळली. ती पानाच्या दोन पदरांमध्ये शिरून फिकट चट्टे पाडते. तशी पाने तोडून जाळावीत.

तंबाखूवरील एक विषाणू टोमॅटोलाही बाधतो आणि तो हाताने पसरतो. तेव्हा तंबाखू मळलेला हात साबणाने धुतल्यावाचून कोणीही वाफ्यात शिरू नये, अशी पाटी मुलांनीच लिहून लावावी. ती पाटी मुलांपेक्षा मोठ्यांनाच अधिक उपयोगी पडते.

झाड अकस्मात माना टाकू लागले, तर एक साधी परीक्षा करता येते. खोडाचा जमिनीलगतचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात काही मिनिटे लोंबता धरावा. त्यातून दुधासारखी पांढरी धार उतरली, तर रोग जिवाणूंचा समजावा, आणि त्या जागी काही वर्षे या कुळातील पीक घेऊ नये. धार न उतरली, तर मुळे तपासावीत.

त्या वहीतील पान

आता आरंभीच्या प्रसंगाकडे वळता येईल. मुलीचे बोलणे ऐकून गुरुजी क्षणभर गप्प राहिले. ‘तुला भास झाला,’ असे ते म्हणू शकले असते, आणि गुरुजींच्या शब्दापुढे त्या मुलीने आपल्या डोळ्यांवरचा विश्वास सोडून दिला असता. निरीक्षण शिकविण्यासाठी केलेल्या वाफ्यात त्या दिवशी निरीक्षणाचाच बळी गेला असता. गुरुजींनी तसे केले नाही. त्यांनी सर्व मुलांसमोर सांगितले की, रोप बदलले ते त्यांनीच, आणि ते चुकले. मग वाळलेले रोप कोठे टाकले होते ते दाखवून, ते मुलांकडून आणविले.

खोडाचा तुकडा पेल्यात धरला. पाणी नितळ राहिले. मुळे पाहिली, ती तपकिरी व मऊ झालेली होती, आणि त्या जागेची माती उकरताच तिला कुबट वास आला. मुलांनी पाण्याची वाट शोधली. सुटीत पाळीच्या मुलांनी वरच्या टोकाला घागरी ओतल्या होत्या. वाफ्याचा उतार त्या मुलीच्या रोपाकडे होता, आणि सारे पाणी तेथे तुंबत होते. शेजारच्या दोन रोपांची खालची पाने पिवळी पडू लागली होती. मुलांनी त्याच दिवशी कुदळीने चर काढून पाणी बाहेर वळविले. ती दोन्ही रोपे पुढे सावरली व फळांस आली.

दुसऱ्या दिवशी विस्तार अधिकारी आले तेव्हा बाराव्या जागी रिकामे आळे होते. शेजारी वहीचे पान उघडे ठेवलेले होते. त्यावर मुलीने लिहिले होते : “रोप मेले. पाणी जास्त झाले. मूळ कुजले होते. गुरुजींनी दुसरे लावले होते. ते आम्ही परत दिले. आता चर काढला.” अधिकाऱ्यांनी ते पान दोनदा वाचले, आणि चर कोणी काढला असे विचारून मुलांबरोबर वाफ्याभोवती फिरले.

त्या सहा-सात ओळींत शास्त्रीय वृत्तीचा सगळा पाठ आलेला आहे. जे दिसले ते लिहिले, कारण शोधले, चूक कोणाची हे लपविले नाही, आणि उपाय केला. मेलेल्या रोपाने जेवढे शिकविले तेवढे उरलेल्या अकरा रोपांनीही शिकविले नसेल. मात्र ते शिकविता यावे म्हणून त्याच्या मरणाची नोंद व्हावी लागली. म्हणून ज्या शाळेच्या वहीत एकही रोप कधी मरत नाही, त्या शाळेने आपल्या वहीकडे पुन्हा एकदा पाहावे.

तोडणी, हिशेब आणि बी

फळावर गुलाबी छटा आली की ते तोडता येते. जेवणासाठी मात्र झाडावरच लाल होऊ द्यावे. मेहनतीने वाढविलेले सुधारित झाड साधारणतः दीड ते दोन किलो फळ देते. म्हणजे बारा झाडांपासून १८ ते २४ किलो. प्रत्येक तोडणीचे वजन मुलांनी करावे, आलेख काढावा आणि सरासरी काढावी. हे गणित पुस्तकातील गणिताहून वेगळे वाटते, कारण उत्तर चुकले तर कोशिंबीर कमी पडते.

नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंत यांसारख्या टोमॅटोच्या बाजारांच्या परिसरातील शाळांत शिक्षकापेक्षा मुलांनाच या पिकाची अधिक माहिती असते. तेथे शिक्षकाने विद्यार्थी होण्यात कमीपणा नाही. २०२३ सालच्या जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटोचा किरकोळ भाव किलोमागे शंभर रुपयांच्या वर गेला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो असा कोसळला की कित्येक शेतकऱ्यांनी माल रस्त्याच्या कडेला ओतला. ज्या मुलाने घरी हे पाहिले, त्याला वर्गात ते सांगू द्यावे. एका फळामागे किती दिवसांचे श्रम असतात हे स्वतः मोजलेली मुले त्याचे म्हणणे ऐकून हसणार नाहीत.

शेवटच्या तोडणीपूर्वी सर्वांत निरोगी झाडावरची दोन-तीन फळे पूर्ण पिकू द्यावीत. कोणते झाड निवडावयाचे हे वह्या वाचून ठरवावे. गर व बी वाटीत काढून एक-दोन दिवस आंबू द्यावे, म्हणजे बियांभोवतीचा चिकट पडदा सुटतो. नंतर पाण्यात धुऊन सावलीत वाळवावे. कागदाच्या पुडीवर वाणाचे नाव, तारीख आणि झाड सांभाळणाऱ्या दोन मुलांची नावे लिहावीत. चौथीच्या मुलांनी ही पुडी वर्ष संपताना तिसरीच्या मुलांच्या हाती द्यावी, आणि तिच्यासोबत आपल्या वह्याही द्याव्यात. पुढील गणेशचतुर्थीस नवी मुले तेच बी पेरतील, आणि वाफ्याचा उतार कोणत्या बाजूस आहे हे त्यांना आधीच ठाऊक असेल.